टेप बंद पडल्यापासून

दिवाळीनंतर आमच्या गाडीचा टेप बंद पडला आणि लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर माझा नवरा माझ्याशी बोलायला लागला.

हे मी शहनाजला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. शहनाज आणि मी वाकसईच्या शाळेत बावीस वर्षं एका टेबलावर बसून पेपर तपासले आहेत. माझ्या घरातलं तिला माहीत नाही असं फारसं काही नाही. पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "मग आता तो टेप दुरुस्त करू नकोस, एवढं लक्षात ठेव."

आमचे हे, म्हणजे सखाराम, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. तेही बँकरवर. कर्जतहून लोणावळ्याला घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं जे इंजिन असतं, त्याला बँकर म्हणतात. पुढच्या ड्रायव्हरशी बोलणं शिट्टीनं. एक लांब, दोन आखूड, काय असेल ते. घरी आल्यावर शिट्टी वाजवत नसत एवढंच. बाकी बोलणं तितपतच. मी विचारावं, "जेवण वाढू?" तर "हं." "प्रज्ञेशला ताप आहे, डॉक्टरकडे नेऊ?" तर "हं." एकदा मी चिडून म्हटलं, "शेजारच्या बाईबरोबर पळून जाऊ?" त्यावरही "हं" आलं. तेव्हापासून मी नाद सोडला.

निवृत्तीनंतर आम्ही बेडशाला, यांच्या गावी, घर बांधून राहायला आलो. लेण्यांच्या डोंगराखाली घर आहे. त्याआधीच, दोन हजार सहा साली, एक छोटी तांबडी गाडी घेतली होती आणि तिला लोणावळ्यातल्या कादरच्या दुकानातून टेप बसवून घेतला होता. सतरा कॅसेटी होत्या, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या. भीमगीतं, दोन कव्वालीच्या, आणि एक यांच्या निरोपसमारंभात कुणीतरी भरून दिलेली, तिच्यात भाषणांपेक्षा वाट्यांचा आवाज जास्त आहे. गाडी सुरू झाली की यांचा हात आधी टेपवर जाई. मग मी खिडकीबाहेर बघायचं.

तर टेप बंद पडला. त्यानंतर पहिल्यांदा आम्ही कामशेतला बाजाराला निघालो, तेव्हा गाडीत नुसता इंजिनाचा आवाज होता. करुंजच्या शाळेपुढे रंग उडालेला गतिरोधक आहे. यांचं लक्ष नाही असं वाटून मी घाबरून ओरडले, "गतिरोधक!"

यांनी हात वर केला आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "गतिरोधक!"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण चेहरा गंभीर होता.

"कॉल दिला की परत म्हनायचं असतं," हे म्हणाले. "इंजनात नियम हाय. ज्याला आदी दिसलं त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच मोठ्यानं म्हनायचं. म्हंजी दोगांनी बगितलं असं व्हतं."

एवढं लांब वाक्य मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मी लगेच कामाला लागले. "डावीकडे म्हैस!" "म्हैस!" "पुढे टेम्पो!" "टेम्पो!" असं करत आम्ही कामशेतपर्यंत गेलो. परतताना म्हशीवरून यांना महिपती आठवला. महिपती हा यांचा असिस्टंट, एकदा घाटात रुळावर म्हैस आली होती तेव्हा त्यानं खाली उतरून तिला समजावून बाजूला केली म्हणे. दुसऱ्या खेपेला महिपतीच्या डब्यातली बोंबलाची चटणी निघाली. तिसऱ्या खेपेला कळलं की सव्वीस नंबरच्या बोगद्यात शिरताना यांना नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत भीती वाटायची. चौथ्या खेपेला कळलं की माझी मेथीची भाजी यांना कधीच आवडली नाही.

"सत्तेचाळीस वर्षं खाल्लीत ती?"

"तू इचारलं न्हाईस."

"रोज विचारत होते, कशी झालीय म्हणून!"

"हं," हे म्हणाले. पण हे गाडीतलं 'हं' होतं. त्यात हसू होतं.

घरी आलो की पुन्हा तेच. टीव्ही लागे आणि हे गप्प होत. म्हणून मी कामं काढायला लागले. मीठ संपलं, चला कामशेतला. सुई हवी, चला तळेगावला. पंधरा दिवसांत तीन वेळा सुया आणल्या. गाडीत आम्ही शेजारी बसत होतो, समोर बघत होतो आणि बोलत होतो. मला तेवढं पुरत होतं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त काही मला या वयात नकोच होतं.

आणि जानेवारीत नात आली.

सृष्टी, आमच्या मुलाची, प्रज्ञेशची मुलगी, हिंजवडीत नोकरीला लागली आहे. शनिवारी आली, रविवारी आबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. गाडीत बसली, टेपचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "आबा, हा बंद आहे? किती दिवस? आणि तुम्ही दोघं अशीच मुक्यानं फिरताय?"

"मुक्यानं नाही गं," मी म्हटलं.

"ते काही नाही. तुमचं वाढदिवसाचं गिफ्ट ठरलं. नवीन स्टिरिओ. फोन जोडता येईल असा. त्या कॅसेटीतलं सगळं आता फोनवर मिळतं."

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणतील नको, अशी माझी खात्री होती. कुठलीही नवी वस्तू यांना नको असते. पण नातीपुढे इंजिनही थांबतं. हे म्हणाले, "हं."

रविवारी सकाळी आम्ही लोणावळ्याला निघालो. जाताना मी एकही कॉल सोडला नाही. वाकसईला शाळा दिसली, तिचाही कॉल देऊन टाकला. मागून सृष्टीनं कानातले इयरफोन काढून विचारलं, "तुम्ही दोघं का ओरडताय?"

कादर माझा विद्यार्थी. चौथीत होता तेव्हा सतराच्या पाढ्याला अडखळायचा. आता पन्नाशीचा आहे, दाढी पिकली आहे, पण मी दुकानात शिरले की अजून गल्ल्यामागून उठून उभा राहतो.

"या बाई, या आबा. बोला, काय दाखवू?"

"काही घाई नाही," मी म्हटलं. "आम्ही नुसतं बघायला आलोय."

"घ्यायला आलोय," सृष्टी म्हणाली.

कादरनं आधी नऊ इंची पडदा काढला. बोटानं सरकवायचा, त्यावर नकाशा दिसतो, सिनेमा दिसतो, गाडी मागे घेताना मागचं दिसतं. मी काही बोलायच्या आतच हे म्हणाले, "गाडी चालवायची का ह्यो बगायचा?"

"आबा, गाडी उभी असताना बघायचा."

"गाडी हुबी असली तर मी घरात असतो."

शिवाय आमच्या गाडीची खाच बारीक, पडदा बसवायचा तर डॅशबोर्ड कापावा लागेल, असं कादर म्हणाला. "कापायचं न्हाई," असं म्हणून यांनी विषय संपवला. मला बरं वाटलं.

दुसरा आकारानं बसत होता. फोन बिनवायरीचा जोडता येत होता, पेनड्राइव्ह लागत होता. पण त्याला निळे-जांभळे दिवे होते आणि गाण्याबरोबर ते नाचत होते.

"डोळ्यांत जातात," मी म्हटलं. "रात्री यांना समोरचं दिसणार नाही."

"तुम्ही रात्री गाडी काढता?" सृष्टीनं विचारलं.

"काढली तर."

"लगीनघर हाय का ते?" हे म्हणाले.

तिसऱ्याला दिवे नव्हते, पण गाडी सुरू केली की तो आपोआप सुरू व्हायचा. कादर कौतुकानं सांगत होता, "बघा, हात लावायची गरज नाही. फोन खिशात असला तरी ओळखतो आणि कालचं गाणं जिथे थांबलं तिथून पुढे लावतो."

"आपोआप?" मी विचारलं.

"आपोआप."

"नको."

"नको," हेही त्याच क्षणी म्हणाले.

सृष्टी आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. "माझ्या जन्मापासून तुम्ही दोघं कुठल्या गोष्टीवर सहमत झालेले मला आठवत नाही. आजच काय झालंय?"

"वय झालं की मतं जुळतात," मी म्हटलं.

"बाई," कादर म्हणाला, "चौथीत पाढा चुकला की बाकावर उभं करायचात. आता माझ्याच दुकानात उभं केलंत." पण तो उठला आणि खालच्या कप्प्यातून एक लहानसा, काळा, साधा स्टिरिओ काढून आणला. एक गोल बटण, एक पेनड्राइव्हची जागा, पट्टीएवढा पडदा. "हा सगळ्यात साधा. फोनवरून लावलं तर वाजतो, नाहीतर गप्प बसतो. आपल्या मनानं काही करत नाही. फोन आला तर बोलता पण येतं. आधी गाडीत जोडून दाखवतो, मग ठरवा."

मला त्याच्यात खोट काढता येईना. मी यांच्याकडे आशेनं बघितलं. हे बटण गोल गोल फिरवत होते.

रस्त्याच्या कडेला गाडीत बसून कादरनं जुना टेप बाहेर ओढला आणि तो उलटा करून बघत बसला.

"आबा, हा बिघडला कसा म्हणालात?"

"बंद पडला."

"याला फ्यूजच नाही."

"पडला असंल."

"फ्यूज पडत नाही, आबा. जळतो. इथे जळालेला पण नाही. जागाच रिकामी आहे."

हे रस्त्यापलीकडच्या चिक्कीच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. ती पाटी यांनी पन्नास वर्षं पाहिलेली आहे.  कादरनं माझ्याकडे बघितलं, मी भुवई उचलली, तेव्हा त्यानं टेप बाजूला ठेवला. शाळेतल्या काही गोष्टी मुलं विसरत नाहीत.

त्यानं नव्याच्या वायरी जोडल्या. "फोन कुणाचा जोडू?"

यांच्याकडे बटणांचा फोन आहे. "तिचा," हे म्हणाले.

कादरनं माझा फोन घेतला, काहीतरी दाबलं, मी हो म्हटलं, आणि पट्टीवर माझ्या फोनचं नाव आलं. आवाजाची ताकद दाखवायची म्हणून त्यानं गोल बटण शेवटपर्यंत फिरवलं. गाणं लावणार एवढ्यात फोन वाजला. म्हणजे माझ्या हातात नाही, सगळ्या गाडीत वाजला. समोरून जाणारी पर्यटकांची गाडी दचकून बाजूला झाली.

"बघा बाई, फोन आला की असं दाबायचं," असं म्हणून कादरनं दाबलं.

आणि शहनाजचा आवाज चारी बाजूंनी आला.

"काय गं ज्योत्स्ना, बसवला का टेप? मग संपलं हो तुझं! आता कुठले बोलतायत भाऊजी! मी सांगते, काहीतरी खोट काढ आणि परत ये. दोन महिने नवरा बोलला तर रोज मला फोन करून सांगत होतीस, आज महिपती, आज बोगदा. उद्यापासून पुन्हा खिडकीबाहेर बघत बसशील. ऐकतेस ना? हॅलो?"

कादर गोल बटण उलटं फिरवत होता, पण घाईत ते त्याच्या हाताला लागेना. चिक्कीच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा होता. सृष्टीनं तोंडावर हात धरला होता.

"शहनाज," मी म्हटलं, "तू पूर्ण लोणावळ्याला ऐकू येतेयस."

 मग स्पीकरमधून बारीक आवाज आला. "भाऊजी पण आहेत?"

"हं," हे म्हणाले.

फोन कट झाला.

माझे कान गरम झाले होते. माझ्या जवळजवळ साठ दिवसांच्या गप्पा आता चौकात मांडल्यासारख्या झाल्या होत्या. यांनी सगळं ऐकलं होतं, शब्दन् शब्द. आता हे म्हणतील, चल घरी, नको हा टेप. मी वाट बघत होते.

"कादर," हे म्हणाले, "ह्योच बसव."

परतताना गाडी हेच चालवत होते, मी शेजारी, सृष्टी मागे. हे कसं चालतं ते आजीला कळायला हवं म्हणून तिनं माझ्या फोनवर घराचा रस्ता लावून दिला आणि स्वतः कानात इयरफोन खुपसून मागे रेलली. स्टिरिओतून एक बाई बोलायला लागली. आवाज गोड, मराठी शुद्ध.

"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."

यांचा हात वर गेला. "उजवीकडं!"

ती पुढे म्हणाली, सरळ जा. हे म्हणाले, "सरळ!" वलवणपर्यंत त्यांचं असं चाललं होतं. मी पदर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसले. वलवण गेलं, वाकसईची शाळा आली. शाळेच्या अलीकडे नवीन गतिरोधक घातलाय, पांढरे पट्टे अजून मारलेले नाहीत. मला तो लांबूनच दिसला. मी ओठ मिटून घेतले.

गाडी उडाली. मागे सृष्टीचं डोकं छताला लागलं. "आबा!"

"काही न्हाई, काही न्हाई." यांनी वेग कमी केला. सृष्टी डोकं चोळत पुन्हा रेलली. मग हे हळूच म्हणाले, "कॉल का न्हाई दिलास?"

"नवीन असिस्टंट मिळालीय ना तुम्हाला."

"तिला गतिरोधक दिसत न्हाई."

"शिकवा तिला. आवाज छान आहे."

"बाई," हे म्हणाले. गावात सगळे मला बाई म्हणतात, हेही म्हणतात, पण असं कधी म्हटलं नव्हतं. "बंद कर तिला. तुज्या फोनात हाय ती."

मी फोनवर बोट ठेवलं. ती बाई अर्ध्या वाक्यात थांबली. गाडीत पुन्हा फक्त इंजिनाचा आवाज राहिला. कार्ल्याचा फाटा मागे गेला. मी कॉल द्यावा असं रस्त्यावर काही नव्हतं.

समोर बघत हे मोठ्यानं म्हणाले, "फ्यूज मी काडला व्हता."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी हात अर्धा वर धरला होता, उत्तराची वाट बघत. नियम तो नियम. मी म्हटलं, "फ्यूज तुम्ही काढला होता."

"टेप चालू असला की तुजं ऐकू येत न्हाई."

"टेप चालू असला की माझं ऐकू येत नाही."

"कान गेल्यात."

हे मला लगेच मोठ्यानं म्हणता आलं नाही. चौतीस वर्षं इंजिनाजवळ बसलेला माणूस. मला ते सुचायला हवं होतं. मी शिक्षिका, वर्गातल्या कुठल्या मुलाला फळ्यावरचं दिसत नाही हे मला पहिल्या आठवड्यात कळायचं.

"कान गेलेत," मी म्हटलं.

"व्हय."

"आणि घरी?"

"घरात टीवी, पंखा, तुजा मिक्सर. तुजं त्वांड हललं की मी हं म्हनतो."

"म्हणजे मी पळून जाऊ का विचारलं तेव्हा..."

"तवा कुकर वाजत व्हता."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हेही हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता. महिपतीची गोष्ट सांगताना हसतात तसे.

"मग सांगायचं नाही का? फ्यूज कसला काढता चोरून?"

"कान गेलं म्हनायचं आन् गाडी कशी चालवू द्याल तुमी लोकं?"

"आणि मग आज हा कशाला बसवून घेतलात?"

"पोरीचं मन." यांनी आरशात मागे बघितलं. सृष्टी डोळे मिटून आपल्याच गाण्यावर मान हलवत होती. "शिवाय ह्यो तुज्या फोनावर हाय. तू लावशील तवाच वाजंल. जुना माज्या हातात व्हता. सवयीनं लावायचो."

कामशेत आलं. बाजारातून उजवीकडे वळून आम्ही पवनेच्या रस्त्याला लागलो तेव्हा सृष्टीनं कानातलं काढलं. "आजी, अजून काहीच लावलं नाहीत? आवडला नाही का स्टिरिओ?"

"फार आवडला," मी म्हटलं. "गुणी आहे. सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाही."

"कुणासारखा तरी," हे म्हणाले.

सृष्टीनं आबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न कळून पुन्हा कानात घातलं.

करुंजच्या शाळेचं छप्पर दिसायला लागलं. मी सरळ बसले.

"गतिरोधक!"

"गतिरोधक!" यांचा हात वर.

गाडी हळूच चढली, हळूच उतरली. हात अजून वरच होता, तेवढ्यात मी म्हटलं, "उद्या तळेगावला कानाचे डॉक्टर!"

यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. पुढे रस्ता मोकळा होता, म्हैससुद्धा नव्हती. मी वाट बघितली. यांना नियम मोडता येत नाही हे मला आता ठाऊक होतं.

"उद्या तळेगावला," हे म्हणाले आणि थांबले.

"पूर्ण."

"कानाचं डाक्टर!"

ते इतक्या मोठ्यानं होतं की मागे सृष्टीनंही ऐकलं.